मोठीआईचं श्रावणातलं आजारपण

आमच्या भावकीत चाळीस घरं आहेत आणि श्रावण लागला की ती चाळीसच्या चाळीस प्रेमळ होतात. एरवी बांधावरून आणि आंब्याच्या एका फांदीवरून वर्षानुवर्षं एकमेकांची तोंडं न पाहणारी माणसं नागपंचमीपासून एकाच ओटीवर मांडीला मांडी लावून बसायची आणि आळीपाळीने विचारायची, "मोठीआईची तब्येत कशी हाय?" कोणी सफरचंदं आणायचं, कोणी ग्लुकोजची पावडर. एकदा तर कोणीतरी पुण्याहून वजनाचा काटा आणला होता. नव्वदीच्या पुढच्या बाईला काट्यावर उभं करून तिचं वजन भावकीच्या ग्रुपवर टाकलं आणि चाळीस घरांनी हात जोडले.

मोठीआई म्हणजे माझी आजेसासू. पेणहून आत, गागोद्याच्या बाजूला आमचं गाव. भात आणि वाल पिकवणारं. आता पिकवणारे थोडे आणि पेण-रोह्याला फ्लॅट घेऊन मास्तरकी नाहीतर कंपनी करणारे जास्त. मी रोह्याला शाळेत शिकवते, नवरा धाटावला कंपनीत शिफ्ट करतो. मोठीआई मात्र गावातच राहिली. एकदा आम्ही तिला रोह्याला आणलं होतं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहून तिने खाली पाहिलं, वर पाहिलं आणि सकाळच्या पहिल्या एसटीने मला परत सोड म्हणाली. तिच्या जेवणाखाणाचं, दवापाण्याचं शेजारची काकू बघायची. काकू आमच्या भावकीतली नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

आता या श्रावणातल्या प्रेमाचं कारण. भावकीत कोणी गेलं की सगळ्या घरांना दहा दिवस सुतक. सुतकात गणपती बसत नाही. आणि आमच्या चाळीसही घरांचे पाट दरवर्षी हमरापूरच्या एकाच गणपतीच्या कारखान्यात दिलेले असतात. त्यांच्यावर मूर्ती होते, रंगते, डोळे उघडते आणि चतुर्थीला घरी येते. समजा, चतुर्थीच्या आधी आठवडाभर मोठीआईने डोळे मिटले, तर चाळीस गणपती डोळे उघडून कारखान्यातच बसून राहणार. तशी आमच्या भागात साखरचौथीची सोय आहे. ज्यांचा भाद्रपदातला गणपती हुकला त्यांनी अनंत चतुर्दशीनंतरच्या संकष्टीला तो बसवावा. पण साखरचौथीला कंपनी रजा देत नाही, मुंबईचे पाहुणे येत नाहीत आणि नव्या सुनेचे दागिने बघायला कोणी नसतं. तेव्हा गणपती हवा तर चतुर्थीलाच, आणि त्यासाठी मोठीआई हवी होती. निदान अनंत चतुर्दशीपर्यंत.

यातली गंमत अशी, की सोयरसुतकाच्या बाबतीत सगळ्या भावकीचं न्यायालय मोठीआईच होती. कोणाला दहा दिवस, कोणाला तीन, कोणाला नुसती अंघोळ, हे तिच्याकडून ऐकल्याशिवाय गावात चूल थांबत नसे की पेटत नसे. आमचे चुलत सासरे, निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे मास्तरकाका म्हणतात, ते पंचांग घेऊन बसायचे. मोठीआई पंचांगाकडे बघायचीही नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी मी माझ्या कानांनी ऐकलं होतं, कोणी सधन माणूस लांबच्या चुलत्याचं सुतक लागतं का विचारायला आला होता. नव्या गाडीचा मुहूर्त होता त्याचा. मोठीआईने त्याला पूर्ण दहा दिवस लावले. त्याच आठवड्यात शेतावर मजुरीला जाणारी एक बाई तेच विचारायला आली, तर तिला म्हणाली, "तुला नाय लागत. जा कामाला." मी म्हटलं, नातं तर एकच. तर माझ्याकडे बघून म्हणाली, "नातं एकच हाय, पोट एक नाय."

तिच्या न्यायालयातला सगळ्यात गाजलेला निकाल माझ्या जन्माच्याही आधीचा. भावकीतल्या एका बिनबापाच्या पोरीचं लग्न लागायचं होतं. मांडव पडला होता, वऱ्हाड निघालं होतं, आणि पोस्टमन तार घेऊन आला. मोठीआईचा धाकटा दीर अहमदाबादला गिरणीत होता, तो गेला होता. या दिराला तिने स्वतःच्या हाताने वाढवलेलं. पोस्टमनने तार तिलाच वाचून दाखवली, कारण ओटीवर तेव्हा तीच होती. तिने त्याला लाडू दिला, तोंड बंद ठेवायला सांगितलं आणि तार वालाच्या डब्यात खाली घातली. स्वतः मात्र पोटात दुखतंय म्हणून मांडवाबाहेर बसली. अक्षता टाकल्या नाहीत, पंगतीला बसली नाही, कशाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी पोर सासरी नांदायला लागल्यावर तिने डबा उघडला आणि मग गावाने ऐकलं नव्हतं अशी रडली.

पंचायत भरली तेव्हा तिने सांगितलं, सुतक कळल्यापासून लागतं. तुम्हाला आज कळलं, तुम्ही उरलेले सात दिवस धरा. मला पहिल्या दिवशी कळलं, मी पहिल्या दिवसापासून धरलंय. तेव्हापासून 'कळल्यापासून सुतक, उरलेलेच दिवस' हा आमच्या भावकीचा कायदा झाला.

श्रावणातलं आजारपण सुरू झालं त्याला आता सात-आठ वर्षं झाली असतील. पहिल्या वर्षी खराच ताप होता. भाताच्या लावणीत भिजली होती. राखीपौर्णिमेच्या सुमाराला ती अंथरुणाला खिळली आणि भावकीचं धाबं दणाणलं. पेणहून डॉक्टर आले, रोह्याहून आम्ही आलो, पनवेलचे, ठाण्याचे सगळे आले. घराची कौलं शाकारून झाली, मोरीत कोबा झाला, तिला रात्री धडपडायला नको म्हणून पडवीत दिवा लागला. जी कामं ती दहा वर्षं सांगत होती, ती दहा दिवसांत उरकली. अनंत चतुर्दशीला विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी ओटीवर चिटपाखरू नव्हतं. पितृपक्षात तिला पुन्हा ताप आला. तेव्हा काकूने ग्रुपवर कळवलं, तर तीन जणांनी काळजी घ्या लिहिलं आणि बाकीच्यांनी नवरात्राच्या रंगांच्या साड्यांची यादी पाठवली.

पुढच्या वर्षी नागपंचमीलाच तिला चक्कर आली.

त्याच्या पुढच्या वर्षीही. आता इतकी वक्तशीर चक्कर मी शाळेत तास चुकवणाऱ्या पोरांमध्येही पाहिलेली नाही. मी संशय घेतला, पण बोलले नाही. मग एका श्रावणी सोमवारी मला शाळेला लवकर सुट्टी मिळाली आणि कोणाला न सांगता मी गावी पोचले. भावकीच्या माहितीप्रमाणे मोठीआईला त्या दिवशी हात उचलवत नव्हता. मी मागच्या दाराने आत गेले तर बाई पाटावर बसून बिरड्याचे वाल सोलत होती. समोर परात शिगोशीग भरलेली आणि बोटं अशी चालत होती की मला लाज वाटावी. माझी चाहूल लागताच तिने परात माझ्याकडे सरकवली आणि शांतपणे जाऊन अंथरुणावर पडली.

"मोठीआई, हे काय?" मी विचारलं.

"गप ऱ्हा गो," ती डोळे मिटून म्हणाली. "वाल तू सोललेस."

मी गप्प राहिले. नुसती गप्प राहिले नाही, तर सामील झाले. संध्याकाळी भावकी जमली तेव्हा मीच गंभीर तोंड करून सांगितलं की आज दुपारी दोन घास गेले, पण अशक्तपणा आहे. मास्तरकाकांनी सुस्कारा सोडला आणि बोटांवर चतुर्थीचे दिवस मोजले. त्या वर्षी तिच्या अशक्तपणावर आम्ही विहिरीला पंप बसवून घेतला. पुढच्या वर्षी न्हाणीघराला दार. काय लागतं ते ती आषाढातच मला सांगून ठेवायची आणि कोणत्या दुखण्याने ते मिळेल ते आम्ही दोघी ठरवायचो. गुडघेदुखीला कोणी विचारत नाही, छातीत धडधड म्हटलं की सुतार लगेच येतो, हे ज्ञान मला तिच्याकडून मिळालं. मी भावकीला हसत होते, तिच्या हुशारीला हसत होते, आणि या सगळ्यात आपण दोघी फार जवळच्या आहोत असं मला वाटत होतं.

गेल्या भाद्रपदाच्या आधी मात्र ती खरीच उतरली. गालफडं बसली, अन्न जाईना. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, काही सांगता येत नाही. हे 'सांगता येत नाही' ऐकून भावकीची झोप उडाली. चतुर्थीला नऊ दिवस उरले असताना मोठीआईच्याच पडवीत सभा भरली. मास्तरकाकांनी आधी हमरापूरला फोन लावून पाट परत घेता येतील का विचारलं. मूर्तिकार म्हणाला, मूर्ती रंगल्यात, आता देव उचलून पाट कसा देऊ. मग मास्तरकाकांनी चष्मा पुसला आणि शाळेचं परिपत्रक वाचावं तशा सुरात योजना मांडली. सुतक कळल्यापासून लागतं हा आपल्या भावकीचा नियम. तो खुद्द मोठीआईचा. तेव्हा आजपासून अनंत चतुर्दशीपर्यंत प्रत्येकाने ग्रुपचा आवाज बंद ठेवावा. मोठीआईचं काही बरंवाईट झालंच तर काकूने फक्त मास्तरकाकांना सांगावं आणि मास्तरकाकांनी योग्य वेळी भावकीला कळवावं. मास्तरकाकांना स्वतःला कळलं तर त्यांच्या गणपतीचं काय, असं कोणीतरी विचारलं. ते म्हणाले, मी फोन उचलणार नाही, काकूंनी मिस्ड कॉल द्यावा.

मागून एका चुलतदिराने भीतभीत विचारलं, की इतके दिवस मोठीआईला ठेवायचं कुठे. मास्तरकाका म्हणाले, पेणला शीतपेटीची सोय आहे. यावर पाचदहा जणांनी मान डोलावली. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. तो मी सगळ्यांपुढून फिरवला.

ठराव झाला, चहा झाला, आणि आतल्या खोलीचा पडदा बाजूला झाला. भिंतीला धरत धरत मोठीआई बाहेर आली. पडवीच्या आणि तिच्या खोलीच्या मधल्या भिंतीतून कुजबूजसुद्धा आत जाते, हे त्या घरात वाढलेल्या माणसांना माहीत असायला हवं होतं. कोणी उठून तिला हात दिला नाही. ती मास्तरकाकांसमोर खाली बसली.

"नियम माझाच हाय," ती म्हणाली. "पण मी तार डब्यात घातली ती रडायचं चार दिस मागे सारायला. तुम्ही काय मागे सारताय रं?"

मास्तरकाका सत्तरीचे. त्यांना तिने अंगाखांद्यावर खेळवलेलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मोठीआई पुढे म्हणाली की घाबरू नका, चतुर्थी काढते मी, तुमचे गणपती बसवा. तिने तो शब्द पाळला. दुसऱ्या दिवसापासून पेज प्यायला लागली. गौरी आल्या तेव्हा ती ओटीवर बसून कोणाचा मोदक फुटला यावर टीका करत होती. भावकीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि गणपती गेल्यावर आपापल्या घरी गेली.

निघताना मी तिच्या पाया पडले. तिने माझा हात धरून ठेवला. या खेपेला तिला काय हवं असेल, खिडकीला जाळी की काय, असं माझ्या मनात आलं.

"आता दुखणं नको गो," ती म्हणाली. "दुखण्याचा कंटाळा आला. गणपती नसताना एकदा ये. वैशाखात पोह्याचे पापड करू. मी बरी असताना ये."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. वैशाखात शाळेला सुट्टी असते, रोह्याहून पेण काही लंकेला नाही. मी म्हटलं, निकाल लागला की दुसऱ्या दिवशी हजर.

आता माझ्याबद्दल. भावकीला इतकी नावं ठेवली, तेव्हा हेही सांगायला हवं. सभेनंतर मीही ग्रुपचा आवाज बंद केला होता. गणपती वाचवायला नव्हे हो, तसली मी नाही. मास्तरकाकांचे सुविचार आणि चाळीस घरांच्या शुभ सकाळींना कंटाळून केला. मोबाइलने विचारलं, किती वेळ बंद ठेवू, आठ तास, एक आठवडा की कायम. अनंत चतुर्दशीपर्यंत आठवडा पुरत नाही, म्हणून मी कायम दाबलं, नंतर उघडू म्हणून. आणि तो ग्रुप दिसायलाही नको म्हणून खालच्या कप्प्यात ढकलला. नंतर उघडायचं राहून गेलं. सगळ्यांचंच राहून गेलं, हे मला पुढे कळलं.

निकाल लागला. मग नवऱ्याच्या शिफ्ट बदलल्या, मग माहेरी एक बारसं निघालं, मग ऊन फार होतं. मोठीआईची मला काळजी नव्हती. श्रावण लांब होता. हे वाक्य मी तेव्हा नवऱ्याला हसत म्हटलंही होतं आणि तोही हसला होता.

एका दुपारी जेवून उठताना मोठीआई गेली. काकूने मास्तरकाकांना सांगितलं, मास्तरकाकांनी दोन वाजता ग्रुपवर टाकलं आणि कळवण्याचं कर्तव्य पार पडलं असं समजले. माझ्या नवऱ्याला त्यांनी दोनदा फोनही केला, पण त्याची दुपारची शिफ्ट होती आणि कंपनीत फोन गेटवर जमा करावा लागतो. शिफ्ट सुटल्यावर त्याने काकांचे मिस्ड कॉल पाहिले, सकाळी करू म्हणून झोपला. सुनांना कोणी वेगळा फोन करत नाही, सुनांना ग्रुपवर कळतं. मी त्या दुपारी घरातच होते आणि फोन माझ्या हातात होता. त्या वेळात मी दुसऱ्या तीन ग्रुपवर आंब्याच्या साठवणीचा उपाय पाठवला होता. दिवस मावळायच्या आत तिला नेलं. चाळीस घरांमधून खांद्याला तिघे मिळाले. चौथा काकूचा मुलगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने काकांना उलट फोन केला तेव्हा कळलं आणि आम्ही तडक पोचलो. अंगणात जुन्या लुगड्यावर पापड वाळत घातले होते, बावीस-पंचवीस असतील. स्वयंपाकघरात उरलेलं पीठ ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं आणि त्याच्याजवळ दोन पोळपाट मांडलेले होते. काकूने विचारलं, "निरोप मिळाला नव्हता काय गो तुला?"

मी म्हटलं, कुठला. ती म्हणाली, तीन दिवसांपूर्वी मोठीआईने बोलून टाकलाय, ग्रुपवर, एकदम सगळ्यांना जातं म्हणून. मी मागच्या दाराशी जाऊन पर्समधून फोन काढला, खालचा कप्पा उघडला. मास्तरकाकांच्या सुविचारांच्या मध्ये तो निरोप होता. आधी काकूचा आवाज, इथे बोला म्हणून. मग मोठीआईचा, फोनच्या फार जवळून.

"रोह्याच्या सुनेला सांगा. मी बरी हाय. काय झालेलं नाय मला. पीठ भिजवतेय. सवड असंल तर ये गो."

मी तिथेच पायरीवर बसून रडले. मला माझा राग आला होता, आणि तो कोणावर तरी काढता यावा म्हणून मी मास्तरकाकांना शोधत ओटीवर गेले. पण ते खांबाला टेकून बसले होते आणि त्यांचेही डोळे सुजले होते. मला पाहून त्यांनी सवयीने पंचांग जवळ ओढलं, उघडलं नाही, आणि हळू आवाजात म्हणाले की तुम्हा दोघांना आज कळलं, म्हणजे तुम्हाला उरलेले नऊच दिवस.

नियम तिचाच होता, त्यामुळे हुज्जत घालता आली नाही. मी नऊ दिवस धरले. पण निरोप तर मला तीन दिवस आधीच आला होता, माझ्याच पर्समध्ये पडून होता आणि मी तो ऐकला नव्हता. त्याचे किती दिवस धरायचे, हे आमच्या भावकीत सांगू शकणारी एकच बाई होती.